गोव्यात झोपायची खोली नैसर्गिक करताना: गादी सगळ्यात शेवटी घ्या

खोली नैसर्गिक करायची म्हटलं की बहुतेक घरांत पहिली खरेदी गादीची होते. एप्रिलमध्ये महागाची लॅटेक्सची नाहीतर सावरीच्या कापसाची गादी येते, प्लायवुडच्या बॉक्स पलंगावर पडते, बाहेरच्या भिंतीला टेकते आणि चवथ (गणेशचतुर्थी) येईपर्यंत तिच्या खालच्या अंगाला काळे ठिपके उमटतात. दोष मात्र गादीला मिळतो.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुलैत हवेची आर्द्रता कितीतरी दिवस ८५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही. कापूस, काथ्या, लाकूड, चुना या सगळ्यांचा गुण म्हणजे ओल घेणं आणि सोडणं. सोडायला वाव नसेल तर हाच गुण अंगाशी येतो. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी पाणी, मग भिंत, मग हवा, मग पलंग आणि त्यानंतरच गादी.

कामाचा हंगाम डिसेंबर ते मे. चवथीच्या तोंडावर खोली रंगवण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि भिंतीच्या दृष्टीने याहून वाईट मुहूर्त नाही: जून-जुलैचं पाणी प्यायलेल्या भिंतीवर रंग चढतो आणि नाताळापर्यंत त्याचे पापुद्रे निघतात. नाताळाआधी रंगवणाऱ्यांचा रंग जास्त टिकतो, कारण तोवर भिंतीला दोनेक महिने कोरडे मिळालेले असतात.

## १. आधी मोजा

एक साधं डिजिटल आर्द्रतामापक घ्या. स्वस्तातली यंत्रं पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतात, म्हणून ते आधी तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि थोडं पाणी घालून ओलसर करा. विरघळू देऊ नका. ते झाकण आणि यंत्र एका हवाबंद पिशवीत दहा-बारा तास ठेवा. यंत्राने ७५ टक्के दाखवायला हवेत. ७० दाखवलं तर यापुढे प्रत्येक आकड्यात ५ मिळवायचे.

आता यंत्र पलंगाच्या उंचीवर, बाहेरच्या भिंतीजवळ ठेवा आणि आठवडाभर सकाळी उठल्याबरोबर व दुपारी आकडे लिहा. ६० च्या खाली खोली ठीक. बराच काळ ७० च्या वर राहिली तर बुरशी येणारच. घरच्या धुळीतले किडे, ज्यांच्यामुळे सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात, ५० च्या वर आरामात जगतात. पावसाळ्यात ५० गाठणं यंत्राशिवाय जमत नाही. ६० ते ६५ मिळाले तरी समाधान माना.

दुसरी चाचणी भिंतीची. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा.

- प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. टप्पा २ आणि ३ टाळता येणार नाहीत.
- बाहेरच्या बाजूला थेंब दिसले तर ओल खोलीतल्या हवेत आहे. भिंतीवर खर्च करू नका, थेट टप्पा ४ कडे जा.

सावधान: ही चाचणी मार्चमध्ये करून निश्चिंत होऊ नका. मार्चमध्ये गोव्यातली बहुतेक भिंत कोरडी निघते. जुलैत पुन्हा करा, आणि खोलीतली सगळ्यात वाईट जागा निवडा: कपाटामागचा कोपरा, पश्चिमेची भिंत, खिडकीखालचा भाग.

## २. पाणी बाहेरच अडवा

चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो. पाणी शोषतो आणि हळूहळू सोडतो. पाणी भिंतीपर्यंत पोचत असेल तर आतून काहीही फासून उपयोग नाही. तपासणी बाहेरून सुरू करा, वरून खाली.

कौलारू घर असेल तर फुटके आणि सरकलेले नळे (कौलं) एप्रिल-मेमध्येच बदलून घ्या. छपरावर माणूस चढवताना नळे कोरडे हवेत. पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून किती अंतरावर पडतं ते बघा. ते भिंतीच्या पायथ्याशी पडत असेल तर उडणारे शिंतोडे दोन-अडीच फुटांपर्यंत भिंत भिजवत राहतात. तिथे दोन फूट रुंद खडीचा पट्टा करा आणि उतार घरापासून बाहेर द्या.

भिंतीलगतची बाग हा दुसरा शत्रू. बाहेरची माती आतल्या जमिनीपेक्षा उंच असेल तर ओल चढतेच. माती उकरून आतल्या जमिनीच्या किमान सहा इंच खाली न्या. खिडकीखाली जास्वंदीचं आळं केलं असेल तर ते भिंतीपासून दूर हलवा.

पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या भिंतीवर पावसाची झड थेट बसते. जुन्या घरांत पावसाळ्यापुरते नारळाच्या विणलेल्या चुडतांचे (झावळ्यांचे) पडदे या भिंतींवर बांधत. आज पत्र्याची पडवी किंवा जाड ताडपत्री तेच काम करते, मात्र ती भिंतीला चिकटू न देता वीतभर अंतर ठेवूनच बांधायची.

पर्वरी-ताळगावसारख्या भागातल्या फ्लॅटमध्ये बघायच्या जागा वेगळ्या: गच्चीची गळती, बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, आणि शेजारच्या बाथरूमची सामाईक भिंत. या शेवटच्या प्रकारात पाऊस संपला तरी डाग ओलाच राहतो. तीच त्याची खूण.

इथे थांबून बघा: पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत आतला डाग वाढला नाही, तरच पुढच्या टप्प्यावर पैसे घाला.

## ३. भिंत मोकळी करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश.

पहिली चूक म्हणजे ओल चढलेल्या भिंतीला खालून तीन फूट सिमेंटचा गिलावा करणं. ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही, ती वर सरकते आणि पुढच्या वर्षी डाग पाच फुटांवर दिसतो. दुसरी चूक आतून जलरोधक रंग लावण्याची. पाणी रंगाच्या मागून ढकलतं, फोड येतात. चिरा-मातीच्या जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचीच सफेदी हवी.

बुरशी असेल तर ती आधी काढा. कोरडी खरवडू नका, कण खोलीभर उडतात. खिडक्या उघडा, मास्क आणि हातमोजे घाला, डाग पाण्याने ओला करा, साबणाच्या पाण्याने घासा, कापडाने पुसा आणि पंखा लावून पूर्ण वाळवा. बुरशी आलेलं लाकडाचं फर्निचर पुसून चालतं. बुरशी आलेली उशी मात्र फेकायची.

सावधान: ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं आम्लयुक्त द्रावण कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. तसंही सच्छिद्र भिंतीत ब्लीच खोलवर जात नाही; डाग पांढरा होतो, बुरशी आत राहते.

आता सफेदी. चुना प्लास्टिक रंगावर किंवा ॲक्रिलिक पुट्टीवर धरत नाही, भुकटी होऊन कपड्यांना लागतो. जुना रंग गिलाव्यापर्यंत खरवडावा लागेल. ते शक्य नसेल, आणि फ्लॅटमध्ये बहुधा नसतंच, तर चुन्याचा हट्ट सोडा. टप्पा ४ नीट केला की साधा कमी वासाचा रंगही चालतो. मात्र रंग आणि गादी-पलंग यांच्यामध्ये खिडक्या उघड्या ठेवून दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

चुन्यावर ठाम असाल तर असं करा:

1. विझवलेल्या चुन्याची पांढरी, ताजी, सीलबंद भुकटी घ्या. उघड्या पोत्यात महिनोन्महिने पडलेला चुना हवेशी संयोग होऊन मेलेला असतो, तो धरत नाही.
2. प्लास्टिकच्या पिंपात १० लिटर पाणी घ्या आणि त्यात १० किलो चुना थोडा थोडा सोडत ढवळा. झाकून किमान एक रात्र, जमल्यास आठवडाभर भिजवा.
3. पातळ सुती कापडातून गाळा. आणखी ८ ते १० लिटर पाणी घालून दुधाइतकं पातळ करा. ब्रश भिंतीवर फिरवला की थर जवळजवळ पारदर्शक दिसायला हवा. वाळला की तो पांढरा होतो.
4. भिंतीवर पाणी शिंपडा. ओलसर हवी, ओघळ नको. कोरड्या भिंतीवर चुन्यातलं पाणी लगेच शोषलं जातं आणि थर सुटतो.
5. एका दिवसात एकच थर. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी शिंपडून पुढचा. असे चार थर.

काम उरकायच्या घाईत दोनच जाड थर दिले की भेगा पडतात. ही तक्रार चुन्याची म्हणून सांगितली जाते, असते ती घाईची. पक्केपणासाठी चुन्यात मीठ घालण्याचा सल्लाही मिळतो. मीठ हवेतली ओल ओढतं, तेव्हा गोव्यात ते टाळा. पांढरेपणासाठी चिमूटभर नीळ चालते.

सावधान: चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गॉगल आणि हातमोजे न घालता हात लावू नका. उडालाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवत राहा आणि डॉक्टर गाठा. कळीचा चुना घरी विझवणं नवख्याचं काम नव्हे.

## ४. हवा: वारा आणि ओल यांचा हिशेब वेगळा

विदर्भात उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजवले की खोली गार होते. तीच युक्ती गोव्यात केली तर खोली चिकट होते, कारण इथली हवा आधीच पाण्याने भरलेली असते, तिच्यात आणखी वाफ मावत नाही. कूलरचं तेच. घाम वाळवायला इथे लागतो तो हलता वारा.

डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून वाहतो. पूर्वेची खिडकी आणि समोरचं दार किंवा झडप उघडी असली की पंखा मंद ठेवूनही झोप लागते. झोपेच्या खोलीला एकच खिडकी असेल तर दाराच्या वर झडप काढून घ्या. छोटंसं सुतारकाम आहे, फरक मोठा पडतो.

पावसाळ्यात खिडकी उघडून खोली वाळत नाही, बाहेरची हवा आतल्याइतकीच ओली असते. खिडकी उघडायची ती आपण आत निर्माण केलेली ओल बाहेर घालवायला. घाम आणि श्वास मिळून एक माणूस रात्रभरात कप-दीड कप पाणी सोडतो. मशीनभर ओले कपडे खोलीत वाळवले तर दोनेक लिटर पाणी हवेत जातं. एवढं एक थांबवलं तरी आर्द्रतामापकाचा आकडा खाली येतो. कपडे पडवीत किंवा दुसऱ्या खोलीत पंख्याखाली वाळवा. कुंड्याही बाहेर. झाडं हवा शुद्ध करतात हा समज अमेरिकेच्या नासाच्या १९८९ च्या प्रयोगातून पसरला. तो प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाला होता. खऱ्या खोलीत दोन-चार कुंड्यांनी पडणारा फरक नगण्य, ओल्या मातीची बुरशी मात्र खरी.

एसी असेल तर त्याचा एक सापळा ओळखा. जुलैत बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं ते, २४-२५ अंशांच्या आसपास असतो. रात्रभर एसी २० वर चालवला की लादी, भिंत आणि गादी २१-२२ अंशांपर्यंत गार होतात. सकाळी ताजी हवा म्हणून लगेच खिडक्या उघडल्या की बाहेरची वाफ या गार वस्तूंवर पाणी होऊन बसते. लादीला घाम फुटलेला दिसतो. गादीला फुटलेला दिसत नाही. म्हणून एसी २६ वर आणि सोबत मंद पंखा. सकाळी एसी बंद केल्यावर आधी तासभर नुसता पंखा, मग खिडक्या.

दहा बाय बाराच्या खोलीला साधारण एक टन पुरतो. त्याहून मोठा एसी हवा झटकन गार करून थांबतो आणि ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. शिवाय स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. दोन माणसं झोपत असतील तर दार दोन बोटं उघडं ठेवा, नाहीतर सकाळी डोकं जड होतं.

ओल काढायचं यंत्र घेणार असाल तर दिवसाला १० ते २० लिटर क्षमतेचं घ्या, दुपारी खोली बंद करून चालवा आणि ६० वर थांबवा. कपाटात टांगायच्या ओलशोषक पिशव्या कपाटापुरत्याच. आणि मिठाचा दिवा गोव्यात घेऊ नका. पावसाळ्यात तो रडतो आणि खालचं लाकूड खराब करतो.

तपासा: पुढे जाण्याआधी सकाळचा आकडा किमान आठवडाभर ७० च्या खाली असावा.

## ५. पलंग

फणस, सागवान किंवा मट्टी (ऐन), यांपैकी जे पक्कं वाळलेलं मिळेल ते. लाकूड ओलं असेल तर सांधे मे महिन्यात उघडतात. खालचं अंतर फूटभर तरी हवं, म्हणजे झाडूही जातो आणि वाराही. गादीखाली अखंड फळी टाकू नका. तीन इंच रुंद पट्ट्या आणि मध्ये दोन इंच फट, एवढं पुरे. लॅटेक्ससाठी फट दोन इंचांहून वाढवू नका, गादी त्यात रुतते.

बॉक्स पलंगात सामान ठेवायची सोय असते, पण गादीच्या खालची हवा कोंडते. पलंग तोच वापरायचा असेल तर सुताराकडून वरच्या प्लायवर एक इंचाची भोकं सहा-सहा इंचांवर पाडून घ्या, आणि पावसाळ्यात पेटी अर्धी रिकामी ठेवा. नवं प्लाय घेताना ई-१ किंवा ई-० दर्जा विचारा. स्वस्त प्लायच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू निघतो आणि उष्ण, दमट हवेत तो जास्त निघतो.

पलंग बाहेरच्या भिंतीपासून चार-पाच इंच दूर. डोक्याकडची बाजू शक्यतो आतल्या भिंतीला.

पॉलिश कोरड्या हवेतच. लाखेचं पॉलिश पावसात पांढरं पडतं. जवसाचं कच्चं तेल कितीतरी दिवस वाळत नाही आणि त्यावर बुरशी बसते. बाजारात ‘उकळलेलं’ (बॉइल्ड) म्हणून मिळणारं जवसाचं तेल आणि मेण यांचा पातळ हात द्या. सावधान: जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मगच कचऱ्यात.

## ६. आता गादी

कापूस. स्वस्त, कडक, पाठीला बरा. जड असतो, उलटणं एकट्याचं काम नाही. दोन-तीन वर्षांनी गाठी होतात, तेव्हा पिंजून घ्यावा लागतो. गादी भरणारा कामगार जवळपास आहे का ते आधी बघा, मग कापूस निवडा. भरताना कापूस तुमच्यासमोर उघडून घ्या. जुना, रंगीत चिंध्यांचा कापूस मिसळण्याची सवय सगळीकडे आहे.

सावर. हलकी, ओल कमी धरते, उशीसाठी उत्तम. गादीत मात्र लवकर दबते. ही धुवायची नाही, उन्हात फुलवायची.

काथ्या. हवा खेळती राहते, गोव्याला मानवतो. रबर घातलेला काथ्या काही वर्षांनंतर मध्ये खचतो, म्हणून खूप जड माणसांसाठी एकट्याने पुरत नाही. वर कापसाचा दोन इंची थर घाला.

नैसर्गिक लॅटेक्स. आरामदायी आणि टिकाऊ. ‘नैसर्गिक’ हा शब्द कुणीही छापतो, तेव्हा जीओएलएस (सेंद्रिय लॅटेक्सचं) प्रमाणपत्र मागा. कापसाच्या खोळीसाठी जीओटीएस (सेंद्रिय कापडाचं).

गादीखाली प्लास्टिकचं जलरोधक आवरण घालू नका. लहान मूल असेल तर ते वरून, चादरीखाली, आणि सकाळी काढून वाळवायचं.

ऊन देण्याची वेळ म्हणजे मे महिना. पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी साठवायच्या) मिरच्या-आमसुलं अंगणात पडतात तेव्हाच गादीही काढा. बाजेवर ठेवा, थेट जमिनीवर नको. सकाळी दहा ते तीन, मध्ये एकदा उलटून. ऊन उतरायच्या आत घरात आणा आणि गार झाल्यावरच चादर घाला. गरम गादी लगेच झाकली तर आतली वाफ आतच राहते.

सावधान: लॅटेक्सला ऊन दाखवायचं नाही. उन्हाने ते ठिसूळ होऊन त्याचा भुगा होतो. सावलीत, वाऱ्यात, उभं करून ठेवा. कापसाच्या गादीच्या सवयीने लॅटेक्स गच्चीवर टाकणं ही आपल्याकडची हमखास चूक.

## ७. डास, धूर, वास

बंद खोलीत जळणारी कॉइल आणि उदबत्ती, दोन्ही धूरच. मच्छरदाणी लावा. प्रत्येक चौरस इंचात १५६ छिद्रं असलेली सुती किंवा पॉलिएस्टरची जाळी पुरते. त्याहून दाट घेतली तर वारा अडतो. कडा गादीखाली खोचायला फूटभर जास्त लांबी ठेवा.

कपाटातल्या डांबरगोळ्या झोपायच्या खोलीत नकोत, तान्ह्या मुलांच्या कपड्यांत तर मुळीच नाही. त्यांतल्या नॅप्थलीनने जी६पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी फुटतात. कडुलिंबाचा पाला चालतो, पण कडकडीत वाळलेला. हिरवा पाला कपड्यांतच कुजतो.

## ८. उजेड

थोडक्यात: झोपण्याआधी तासभर पिवळा, २७०० केल्व्हिन किंवा त्याहून कमी असलेला बल्ब, तोही डोळ्यांच्या उंचीखाली. रस्त्याच्या दिव्यासाठी दुहेरी जाड सुती पडदा. प्लास्टिकचा थर असलेले काळोख करणारे पडदे पावसाळ्यात मागच्या बाजूने बुरसटतात.

## पावसाळ्यातला आठवडा

रोज सकाळी चादर-पांघरूण मागे टाकून गादी तासभर उघडी आणि पंखा चालू. अंथरूण उठल्या उठल्या नीटनेटकं घालण्याची शिस्त या चार महिन्यांत बाजूला ठेवा.

आठवड्यातून एकदा चादरी आणि अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुवा; थंड पाण्याने धुळीतले किडे मरत नाहीत. त्याच दिवशी गादी भिंतीला उभी टेकवून दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा तास पंखा द्या.

पंधरा दिवसांनी कपाट भिंतीपासून हातभर ओढा आणि टॉर्चने मागे बघा. बुरशीची पहिली खूण डागापेक्षा आधी वासात कळते. कुबट वास आला आणि डाग दिसला नाही, तर गादीची खालची शिवण, कपाटाची पाठ आणि खिडकीच्या चौकटीचा खालचा कोपरा या क्रमाने शोधा. एकाच जागी डाग पुन्हा आला तर पुसत बसू नका. टप्पा १ मधलं प्लास्टिक नेमकं तिथे लावा, आणि दोन दिवसांनी थेंब आतून आहेत की बाहेरून ते बघून ठरवा.